साक्षीदाराची रिकामी ओळ

वाशीम
३ फेब्रुवारी २०२५

ती. मोठे बाबा,
नमस्कार.

मालेगाव इथून एसटीने पाऊण तासावर, आणि मी तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवते आहे, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. कालपासून चारदा फोन केला. चारही वेळा तुम्ही "हो बेटा, गाडीवर हाय बेटा, मंग बोलतो बेटा" म्हणून ठेवून दिला. गाडीवर बसलेल्या माणसाच्या मागे टीव्हीवरच्या बातम्या कशा चालू असतात, देव जाणे. आम्हाला एजंटांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की जे बोलायचं ते लेखी बोला. म्हणून लेखी बोलते.

काल सकाळी मी दार उघडलं तर समोर एक बाई. पायात स्लीपर, हातात पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "तनुजा म्याडम तूच काय वं?" मी हो म्हटलं. तर ती मटकन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मले वाटलं म्याडम म्हंजे कोनी मोठी बाई असंल. तू त लेकरू हायस."

मनकर्णाबाई तिचं नाव. तुम्ही ओळखता. मालेगावच्या शिवेला दुसऱ्याच्या वावरात मेथी-पालक लावते आणि दारोदार विकते. तिने पिशवीतून एक पत्रक काढलं. "सोनाई नगरी. बंगल्यांसाठी प्लॉट. शासनमान्य रेरा एजंट, सौ. तनुजा." खाली माझा नोंदणी क्रमांक, एकही आकडा न चुकवता. त्याच्याखाली मोबाइल नंबर. तो मात्र तुमचा.

तिने गळ्यातली पोत मोडून प्लॉट घेतला. पाया खोदला. मग ग्रामपंचायतीत घराची नोंद करायला गेली तर त्यांनी हाकललं. तलाठ्याने सांगितलं की बाई, हे कागदावर अजून शेतच आहे, इथे घर बांधता येत नाही. ती किसनसिंगकडे गेली, ज्याची ही सोनाई नगरी. तो भेटेना. सौदा करून देणारे दलाल म्हणून तुमच्याकडे आली तर तुम्ही म्हणालात, "वाशीमच्या म्याडमले इचारा, त्याइचा नंबर हाय." तुम्हाला वाटलं असेल, ही कुठली वाशीमला जाते! पण शेजारच्या भागवत टेलरने मोबाइलवर तो क्रमांक टाकला आणि रेराच्या वेबसाइटवर माझा पत्ता निघाला. तो पत्ता लोकांना सापडावा म्हणूनच तिथे असतो, मोठे बाबा.

"तुह्या नावावर पाहून घेतला वं बाई प्लॉट," ती म्हणाली. "सरकारी नंबर हाय म्हने. मले वाटलं, सरकार काय झूट बोलते का?" मी तिला चहा दिला. तो तिने घेतला नाही.

हा क्रमांक मला कसा मिळाला ते तुम्हाला माहीत आहे. आधी प्रशिक्षण, मग अकोल्याला जाऊन परीक्षा, मग अर्ज, फी, आपल्यावर गुन्हा नाही असं लिहून देणं. त्यानंतर राज्याच्या रेरा प्राधिकरणाने तो पाच वर्षांसाठी दिला. माझ्या एकटीला दिला, आपल्या घराण्याला नाही.

तुमच्याकडे तो कसा गेला, हे विचारायला मला तोंड नाही. मीच आणून दिला. दाखला आला त्याच आठवड्यात त्याची फ्रेम करून तुमच्या पायाशी ठेवली. पोराबाळांची पहिली कमाई मोठ्यांपुढे ठेवायची, ही आपल्या घरची रीत. तुम्ही म्हणालात, "राहू दे माह्याजवळ, हापिसात लावतो." मला केवढं भरून आलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्या नावाचा बोर्डही लावला आहे म्हणे, तो उतरवा. पत्रकं जाळा. किती लोकांना माझ्या नावावर प्लॉट विकले त्यांची यादी पाठवा. आठ दिवसांत.

तनुजा

•

मालेगाव
१२ फेब्रुवारी २०२५

बेटी तनू,
आशीर्वाद. तुझा आठ दिवसांचा हुकूम एका दिवसाने मोडतो आहे, तेवढी सूट मोठ्या बापाला असावी.

रजिस्टर पत्र आलं तेव्हा तुझी मोठी आई देवापुढे जाऊन बसली. तिला वाटलं कोर्टाचं आलं. पोस्टमनने सही घेतली, शेजारच्या चार घरांनी पाहिलं. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडायला प्रशिक्षणातच शिकवतात का?

तू ज्याला मोठा गुन्हा समजतेस त्याचं मी तुला सांगतो. मालेगावात कृषी केंद्रं किती आहेत, मोज. परवाना बीएस्सी झालेल्या भाच्याच्या नावाचा, गल्ल्यावर बसतो मामा. भाचा पुण्याला नोकरीला. मेडिकलच्या दुकानात तेच. जग असंच चाललं आहे. तुझा नंबर फ्रेममध्ये पडून होता. वर्षात तू किती सौदे केलेस? दोन. मी त्याला कामाला लावलं. तुझा हिस्सा मी वेगळा काढून ठेवला आहे, तो मी खाणार नाही, एवढी तरी खात्री तुला असेल असं वाटलं होतं.

आता कायद्याचं. किसनसिंग काही खुळा नाही. त्याने जमिनीचे चार तुकडे केले. एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक भावाच्या, एक साल्याच्या. प्रत्येकात सातच प्लॉट. आठाच्या वर गेलं तर रेरात नोंदणी लागते, सातात लागत नाही. विचार तुझ्या प्रशिक्षणाच्या मास्तरांना. शेताची जागा रहिवासी करून घ्यायचा अर्ज त्याने टाकला आहे म्हणतो. सरकारी काम आहे, वेळ लागतो. मनकर्णाला घाई झाली. तिला मी समजावतो.

तुला जमीन कोणी शिकवली ते आठव. सहा वर्षांची होतीस तेव्हा रिठदच्या वावरात धुऱ्याधुऱ्याने, बांधाच्या कडेने, माझं बोट धरून चालायचीस. कोणता दगड शिवेचा आणि कोणता नांगराने वर आलेला, ते तुला आधी कळलं, मग अ-आ-ई. त्यासाठी मी कोणतीही परीक्षा घेतली नव्हती.

जावईबापूंना नमस्कार. राग सोड आणि होळीला ये.

जानराव

•

वाशीम
१९ फेब्रुवारी २०२५

मोठे बाबा,

होळीला येणार नाही. काल येऊन गेले, तुम्हाला न सांगता.

सोनाई नगरी पाहिली. कमान एक. रस्ता एक. विहीर एक. आणि त्या कमानीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला वाचता येईल एवढ्या अक्षरात माझं नाव. चार तुकडे शोधले, सापडले नाहीत. ते फक्त सातबाऱ्यावर आहेत. असले तुकडे कोण कशासाठी करतं हे कायदा करणाऱ्यांना तुमच्या आधी कळलं होतं. एकाच जागेचे टप्पे पाडले तरी ते एकत्रच मोजतात. चार साते अठ्ठावीस. त्याला नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्या जागेतला प्लॉट एजंटाने विकायचा नसतो. म्हणजे सरकारच्या दृष्टीने हा गुन्हा मी केला. अठ्ठावीस प्लॉटांच्या कमानीखाली उभं राहून मी केला.

मास्तरांना विचार म्हणालात, विचारलं. आणि किसनसिंगच्या अर्जाचंही तहसिलीत जाऊन विचारलं. अर्ज नाही. कोणताच नाही.

हिस्सा वेगळा काढून ठेवला म्हणता. तो तुमच्या त्या कपाटातच कुजू द्या. मी पैशासाठी भांडते आहे असं तुम्हाला वाटलं, याच्याइतकं काहीच लागलं नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. जुना माणूस, कायदा कळला नाही, किसनसिंगने फसवलं, असं स्वतःला समजावत मनकर्णाबाईच्या घरी गेले होते. तिला म्हटलं, तुझा कागद दाखव. तिने पत्र्याच्या पेटीतून साडीत गुंडाळलेला स्टॅम्प पेपर काढला. मी वाचत खाली आले. किसनसिंगची सही. मनकर्णाबाईची सही, तिला तेवढं नाव लिहिता येतं. साक्षीदार दोन, किसनसिंगची माणसं, प्रेमसिंग आणि मुन्ना. तिसरी ओळ रिकामी.

मोठे बाबा, तुमची सही कुठे आहे?

मी भागवत टेलरकडे गेले. त्यानेही तिथे प्लॉट घेतला आहे, कमनशिबी. त्याच्या कागदावर नाही. आणखी दोन घरं फिरले. त्यांच्याही कागदावर नाही.

तीस वर्षांत तुम्ही केलेल्या एकाही सौद्याचा कागद तुमच्या साक्षीशिवाय नाही. आपल्या अंगणात मी ऐकलं आहे, लोक कागद हातात घेऊन आधी खालीच बघायचे. "जानरावची सही हाय ना? मंग झालं." शाईचा पेन, जाड टोक, आणि इतर कुणी लिहीत नाही ते तुम्ही नावाखाली लिहायचात, "समोर होतो." लहानपणी मी विचारलं होतं की असं का लिहिता. तुम्ही सांगितलं होतं, "उद्या भांडन झालं त मले बोलावता आलं पायजे, तनू. सही करून पळून जानारा दलाल काय कामाचा?"

सोनाई नगरीच्या कागदांवर तुम्ही समोर नव्हतात. माझा नंबर समोर केलात आणि तुमचा पेन मागे घेतलात. याचा अर्थ तुम्हाला माहीत होतं. सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. कायदा कळला नाही हे खोटं आहे. तुम्हाला कायद्याआधी कळलं होतं, दगड बघून कळतं तसं.

मनकर्णाबाईला तुम्ही फसवलंत हे वाईट. पण तुमचं नाव सांभाळून माझं पुढे केलंत, ते मी कोणत्या तोंडाने कुणाला सांगू?

होळीपर्यंत थांबते. तोवर यादी आली नाही तर प्राधिकरणाला लिहीन.

तनुजा

•

मालेगाव
५ मार्च

तनू बेटा,

मी रुख्मिनी, तुही मोठी आई. चौथी शिकेल हाय, चुकलं त समजून घे. मी लिहून राह्यली हे त्याइले माईत नाई. भाजीच्या दुकानातून कागद आनला.

तुहं पत्र त्याइनं वाचलं अन् घडी करून उशीखाली ठेवलं. तवापासून जेवाले बसते, अर्धी भाकर कुस्करते, उठून जाते.

तुले एक सांगून राह्यली. तू पास झाली त्याच्या आधी ते दोन खेप अकोल्याले गेले होते. घरात सांगितलं डोये दाखवाले जातो. डोये नव्हते दाखवाले गेले, तेच परीक्षा द्याले गेले होते. दोन्ही खेपा नापास. मले त्याइच्या खिशात कागद भेटला. मी तो परत खिशात ठेवला. तू फ्रेम घेऊन आली त्या रोजी ते हसले, पन राती पानी प्याले उठले अन् बराच वेळ त्या फ्रेमीपाशी उभे होते.

अन् सहीचं. मी तिथंच होती, चहा घेऊन गेल्ती. किसनसिंगनं कागद पुढं केला. याइनं पेन काढला, टोपन उघडलं. वाचलं. टोपन लावलं. पेन खिशात ठेवला. म्हने, माही काय गरज हाय आता, नंबर त हाय.

तू लिहू नको बेटा सरकारले. तुह्या मोठ्या बापाले या वयात कोनी बोलावलं त ते जगनार नाई. त्याइनं तुले खांद्यावर घेऊन साऱ्या गावात मिरवलं हाय.

पन मनकर्णा रोज दारावरून जाते. पयले माह्याच दारात पयला आवाज द्यायची, "मेथी घे वं रुख्मिनी." आता टोपलं घेऊन चुपचाप जाते. पुढच्या घरापाशी गेल्यावर आवाज देते.

तुले जे बरं वाटंल ते कर. मले काई समजून नाई राह्यलं.

तुही मोठी आई

•

मालेगाव
१० मार्च २०२५

तनुजा,

तुझ्या मोठ्या आईने तुला पत्र टाकलं हे मला पोस्टमनने सांगितलं. या गावात माझ्याशी खरं बोलणारा तेवढा एकच उरला.

हो, नापास झालो. दोनदा. आता तुझ्या लेखी पुराव्यात हेही लाव. कॉम्प्युटरने मला विचारलं, चटई क्षेत्र म्हणजे काय. ज्याने जन्मात फ्लॅट विकला नाही त्याला चटई क्षेत्र! रिठदच्या काळ्या वावरात पावसाळ्यात पाणी कुठे थांबतं आणि घर कुठे बांधू नये, हे विचारलं असतं तर मी त्या मशीनला शिकवून आलो असतो. शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता. अर्ध्या वेळात उठला. पास झाला असेल. त्याने जमिनीवर कधी पाय ठेवला असेल का?

परीक्षेनंतर माझ्याकडे माणूस येईना. येणारा आधी विचारायचा, नंबर आहे का? मग एक दिवस किसनसिंग आला. भिंतीवरची तुझी फ्रेम पाहिली. म्हणाला, "काकाजी, बिना नंबर के अब आपकी जबान का क्या मोल? नंबर तो घर में टंगा है." तीस वर्षं ज्या जिभेवर जमिनी फिरल्या तिची ही किंमत. मला राग यायला हवा होता त्याचा. मला आला तुझा. तू माझ्या बोटाला धरून शिकलेली, आणि ती पाटी तुझ्या नावाची. मी त्याला नाही म्हटलं नाही.

झालं ते झालं. तू प्राधिकरणाला लिहिलंस तर आधी कोणाचा नंबर जाईल, याचा विचार केलास? तुझा. माझ्याकडे जायला काहीच नाही. म्हणून सोबत एक स्टॅम्प पाठवतो आहे. किसनसिंगच्या वकिलाने लिहून दिला आहे. मागच्या वर्षीच तू मला तुझा सहायक नेमलं होतंस, असं त्यात आहे. सही कर, तारीख टाकू नकोस, ती आम्ही टाकू. किसनसिंग मनकर्णाचं बघून घेणार आहे. कबूल केलं आहे त्याने.

या वेळी तरी मोठ्यांचं ऐक.

जानराव

•

वाशीम
२१ मार्च २०२५

जानराव चंपतराव यांस,

तुमचा स्टॅम्प जसा आला तसा परत पाठवते आहे. तारीख आम्ही टाकू म्हणता! "समोर होतो" लिहिणारा माणूस माझ्याकडे कोऱ्या तारखेची सही मागतो आहे, हे मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

परीक्षेचं खरं आहे. तुम्हाला चटई क्षेत्र विचारणं हा मूर्खपणा होता, आणि हे तुमच्याइतक्याच रागाने मी कुणापुढेही सांगेन. पण नापास झाल्याचं मला सांगितलं असतं तर मी रोज संध्याकाळी मालेगावला येऊन तुम्हाला शिकवलं असतं. तुम्ही मला धुरे शिकवलेत, मी तुम्हाला ते मशीन शिकवलं असतं. आपण दोघांनी मिळून एक ऑफिस टाकलं असतं. डोळे दाखवायला जातो म्हणून सांगितलंत! माझ्यापुढे नापास ठरायची तुम्हाला एवढी लाज, आणि मनकर्णाबाईपुढे लबाड ठरायची नाही?

किसनसिंग बघून घेणार आहे म्हणता. परवा तो मनकर्णाबाईकडे गेला होता. तक्रार केलीस तर पायाचे दगडही उचलून नेईन म्हणाला. असं बघतो आहे तो.

मी प्राधिकरणासाठी निवेदन लिहून ठेवलं आहे. पहिलं नाव माझंच घातलं. माझ्या क्रमांकावर नोंदणी नसलेल्या जागेतले प्लॉट विकले गेले. दाखल्याची प्रत मी दुसऱ्याच्या हाती दिली, त्याचा काय उपयोग होतो याची वर्षभर चौकशी केली नाही, ही माझी चूक. जी कारवाई व्हायची ती व्हावी, पण प्लॉट घेतलेल्या लोकांना त्यांचं मिळावं. माझा क्रमांक जाईल हे मला कळतं. तो मी फार कष्टाने मिळवला होता. अकोल्याहून परत येताना बसमध्ये रडले होते आनंदाने, ते तुम्हाला सांगितलेलंच आहे.

निवेदनाची एक प्रत सोबत आहे. खाली साक्षीदारांच्या दोन ओळी आहेत. कायद्याने त्या लागत नाहीत. मला लागतात. पहिल्या ओळीवर मनकर्णाबाईने सही केली. "मनकर्णा" एवढंच लिहिलं, त्याला तिला बराच वेळ लागला. दुसरी ओळ रिकामी आहे.

ती तशीच राहिली तर मी तशीच पाठवीन. वाट पाहणार नाही, पाच एप्रिलला पोस्टात टाकणार.

तनुजा

•

मालेगाव
३१ मार्च २०२५

बेटी तनू,

काल पाडव्याला कमानीवर चढून बोर्ड उतरवला. लोक बघत होते. भागवत टेलरने शिडी धरली.

तिथून मनकर्णाच्या घरी गेलो. तिने बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं की मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "मले बी ठाऊक होतं का काई तरी खोट हाय. तुमची सही नव्हती. मी इचारलंबी, त तुमी म्हनले, आता नंबर असते, सह्या जुन्या झाल्या. म्या मानलं."

यादी सोबत आहे. एकोणीस घरं, सगळ्यांची नावं, कोण काय विकून आलं होतं तेही लिहिलं आहे. किसनसिंगचा फोन बंद लागतो. वकिलाने मला ओळखायचं सोडलं.

तुझं निवेदन परत पाठवतो आहे. त्यात तू स्वतःची चूक लिहिली आहेस. ती मी खोडली नाही, तुझा कागद आहे. पण खाली माझ्या हाताने एक ओळ वाढवली आहे: हिचा नंबर हिला न विचारता मी लावला, आणि सौदे खोटे आहेत हे कळूनच मी माझी सही दिली नाही.

त्याखाली सही केली आहे. पेनातली शाई वाळली होती, कोमट पाण्यात धुवावा लागला. रिकामी ओळ भरली आहे.

जानराव चंपतराव
समोर होतो

•

वाशीम
१४ जून २०२५

मोठे बाबा,

नोटीस आली. किसनसिंगला, तुम्हाला आणि मला. माझा क्रमांक राहील की रद्द होईल हे सुनावणीनंतर कळेल. तोवर मी काम बंद ठेवलं आहे. घरावरची पाटी मीच काढली. भिंतीला खिळा तेवढा आहे, जाता-येता दिसतो.

तुमची सही मिळाली. तेच जाड टोक, तेच वळण. मी माफ केलं असं लिहावं म्हणून तीनदा कागद घेतला, आणि तिन्ही वेळा राग परत आला. ती सही गेल्या वर्षीच्या कागदांवर हवी होती; ती द्यायचीच असं ठरवलं असतं तर एकतर खोटा सौदा तुम्ही होऊच दिला नसता, नाहीतर आज तुम्ही एकोणीस घरांच्या बाजूने उभे असता. उशिराची सही आहे ही. ती मी घेतली, कारण मनकर्णाबाईला तिचा उपयोग आहे. माझा राग अजून तसाच आहे, आणि तो लपवून तुमच्या पाया पडायला मी येणार नाही.

मोठ्या आईला सांगा, मला तिचं पत्र पाठ झालं आहे.

सुनावणी सत्तावीस तारखेला सकाळी अकराला आहे. मुंबईला जायचं नाही, कॉम्प्युटरवर होते. माझ्या पुढच्या खोलीत बसायचं. तुम्हाला त्या मशीनची भीती वाटते हे मला माहीत आहे, ते मी चालू करून देईन. तीन खुर्च्या मांडणार आहे. मधली मनकर्णाबाईची.

ते आधी नाव विचारतील, मग विचारतील की सौद्याच्या वेळी तुम्ही हजर होता का. पेन घरी ठेवून या. तिच्याकडे बघून तोंडाने सांगायचं आहे.

तनुजा